अभियंत्याचे शिक्षण मोजायचे कसे?

तीन सारखे दिवे एकसर जोडणीने बॅटरीला जोडले आहेत. तिसऱ्या दिव्याच्या दोन टोकांमध्ये एक कळ बसविली आहे. कळ दाबली, की ती दोन टोके तारेने सरळ जोडली जातात. तर मग पहिल्या दोन दिव्यांचा उजेड वाढेल, कमी होईल, की तसाच राहील? उत्तर कागदावर लिहून ठेवा.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या एरिक माझुर यांनी एका परीक्षेत हाच प्रश्न घातला होता. जोडीला किचकट परिपथातील प्रवाह काढण्याचे लांबलचक गणितही होते. गंमत अशी, की विद्यार्थ्यांना गणितात जास्त गुण मिळाले आणि दिव्यांच्या प्रश्नात कमी! गणिताची रीत पाठ करता येते. दिव्यांच्या प्रश्नाला मात्र प्रवाह कोठून कसा वाहील, हे मनाशी पाहावे लागते. अशा विद्यार्थ्याला अभियंता म्हणून कोणती पट्टी लावायची?

१९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बल आणि गती या विषयावर आकडेमोड नसलेली एक चाचणी तयार केली. तिच्यातील चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांतूनच घेतले होते. ही चाचणी शिकविण्यापूर्वी व नंतर, अशी दोनदा देतात. समजा, तुम्हाला आधी ४० व नंतर ७० गुण मिळाले. वाढीला जागा ६० गुणांची होती, त्यांपैकी ३० मिळाले. म्हणून तुमची प्रगती ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ वर्गांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे असे तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी प्रगती ०.२३ भरली, चर्चा व प्रयोग करणाऱ्या वर्गांत ०.४८.

मग विद्यार्थ्यांनाच विचारले तर? अभियांत्रिकी महाविद्यालये तशा प्रश्नावल्या भरून घेतातच. पण हार्वर्डमधील २०१९ च्या एका अभ्यासात, स्वतः डोके चालवून शिकलेल्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, आणि तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. छान व्याख्यान ऐकले, की सारे समजल्यासारखे वाटते. हा अनुभव तुम्हालाही असेल.

आता दिव्यांकडे वळू. टॉर्चचे अडीच व्होल्टचे, तारेचे तीन बल्ब आणि तीन सेल घ्या (एलईडी नकोत). कळ दाबताच तिसरा बल्ब विझेल, कारण प्रवाह त्याला टाळून तारेतून जाईल. रोध कमी झाल्याने एकूण प्रवाह वाढेल आणि पहिले दोन बल्ब अधिक तेजाने पेटतील. कागदावर काय लिहिले होते?