खुराड्यातली कोंडलेली हवा

डिसेंबर-जानेवारीत यवतमाळात रात्रीची थंडी वाढली की परसातल्या खुराड्यांच्या फटी पोत्यांनी, प्लास्टिकने गच्च बुजवल्या जातात. कोंबड्यांना थंडीपेक्षा हा बंदोबस्तच जास्त भोवतो. ओल्या विष्ठेतून सुटलेला अमोनिया आत कोंडतो आणि श्वासनलिकेतली, जंतूंना बाहेर लोटणारी सूक्ष्म लव दुबळी होते. मग मायकोप्लाझ्मासारख्या जंतूंचं फावतं: शिंका, डोळ्यांत फेस, रात्री घरघर. कोंबडीच्या फुप्फुसांना ९ हवापिशव्या जोडलेल्या असतात. संसर्ग तिथवर पोचतो.

म्हणून खालून वारा अडवावा, छताजवळ फट ठेवावी, ओला भुसा बदलावा. खुराड्यात वाकल्यावर आपलेच डोळे चुरचुरले, तर अमोनिया वाढलाय. घरघरीबरोबर मान वाकडी, हिरवी हगवण आणि पटापट मर दिसली, तर मानमोडीची, म्हणजे राणीखेतची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही. लस आधीच टोचून घ्यावी लागते. आजारी पक्षी वेगळे ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.