ताटाचे स्टील आणि सायकलची फ्रेम

एका शाळेत आम्ही गंजण्याच्या क्रियेविषयी बोलत होतो. खिळा, पाणी आणि हवा हा नेहमीचा प्रयोग झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "घरातलं ताट रोज धुऊनही गंजत नाही. मग सायकल त्याच स्टीलची का करत नाहीत?" प्रश्न साधाच होता, पण उत्तर देताना आमची तारांबळ उडाली.

ताट का गंजत नाही, हे आधी पाहू. साध्या पोलादावरील गंज सच्छिद्र असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. पोलादात सुमारे साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असेल, तर पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे तो थर पुन्हा भरून येतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद बनवले. चांगल्या प्रतीच्या ताटात साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते.

हे स्टील मऊ असते, म्हणूनच पत्र्याला दाबून ताट-वाटीचा आकार देता येतो. पण फ्रेमच्या दृष्टीने हाच गुण दोष ठरतो. दर चौरस मिलिमीटरला २०० ते २५० न्यूटन ताण पडला, की ते कायमचे वाकू लागते. चांगल्या सायकलींच्या नळ्यांसाठी वापरले जाणारे क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद याच्या दुप्पट किंवा अधिक ताण सहन करते. तेवढीच मजबुती ताटाच्या स्टीलमधून मिळवायची, तर नळी जाड करावी लागेल आणि सायकल जड होईल.

पण स्टेनलेस स्टील एकाच प्रकारचे नसते. ताटाला लोहचुंबक लावा. बहुतेक वेळा तो चिकटत नाही. आता स्वयंपाकघरातील स्टेनलेस सुरीच्या पात्याला लावा. तेथे तो चटकन चिकटतो. दोन्ही स्टेनलेसच, पण अणूंची रचना वेगळी. पात्याच्या स्टीलमधील रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती उष्णतेची प्रक्रिया करून कठीण बनवता येते. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीची '९५३' आणि इटलीच्या कोलंबसची 'एक्ससीआर' ही फ्रेमसाठी बनवलेली स्टेनलेस पोलादे याच कुळातील आहेत. ती इतकी बळकट असतात, की नळीच्या मधल्या भागाची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवता येते.

न गंजण्याचे खरे मोल येथे कळते. १.६ मिलिमीटर जाडीच्या नळीचा ०.२ मिलिमीटर थर गंजाने खाल्ला, तर एक अष्टमांश धातू गेला. ०.४ मिलिमीटरच्या नळीतून तेवढाच थर गेला, तर निम्मा धातू गेला! शिवाय पावसाचे पाणी बैठकीच्या दांड्यातून खाली उतरून पायडलच्या आसाजवळ साचते. तेथे नळी आतून गंजते आणि बाहेरचा रंग तिला वाचवू शकत नाही.

मात्र स्टेनलेस फ्रेम अधिक ताठ असते, ही समजूत चुकीची आहे. सर्व पोलादांचा यंगचा गुणांक जवळपास सारखा, म्हणजे सुमारे २०० गिगापास्कल असतो. ताठपणा मुख्यतः नळीच्या व्यासावर आणि जाडीवर अवलंबून असतो. नळी फार पातळ केली, तर किरकोळ आघातानेही तिला पोचा पडतो. जोडकामही सोपे नसते. ऑक्साइडचा जो थर गंज रोखतो, तोच पितळी झाळ धरू देत नाही, त्यामुळे तीव्र फ्लक्स वापरावा लागतो. शिवाय किनाऱ्यावरील खाऱ्या हवेतले क्लोराइड या थरालाही भोके पाडू शकते. या सर्वांत किंमतीची भर पडते.

म्हणून त्या मुलाला उत्तर असे: सायकल स्टेनलेसची होते, पण ताटाच्या स्टीलची नव्हे, सुरीच्या भाऊबंदांची. आणि शाळेत रोज येणाऱ्या साध्या, जाड नळीच्या सायकलीला पावसाळ्याआधी दांड्यातून आत सोडलेले थोडे तेल आणि खरवडलेल्या जागी लावलेला रंग पुष्कळ वर्षे पुरतो.