अ‍ॅलर्जी आणि आयुष्याचे पहिले वर्ष

अ‍ॅलर्जीत दोष शेंगदाण्याचा किंवा धुळीचा नसतो. निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजणाऱ्या रोगप्रतिकारक यंत्रणेचा असतो. ही चूक दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात बाहेरून काहीच दिसत नाही. शरीरात शिरलेल्या प्रथिनाविरुद्ध टीएच-२ या मदतनीस पेशी सक्रिय होतात; त्यांच्या संदेशांमुळे बी-पेशी ‘आयजीई’ प्रतिपिंडे बनवू लागतात. ही प्रतिपिंडे त्वचा, आतडे व श्वासमार्गातील मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुढे तेच प्रथिन पुन्हा आले की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात. अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, उलटी होते. क्वचित रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. श्वासमार्गात ही दाहक प्रक्रिया रेंगाळली की इओसिनोफिल पेशी जमतात, अस्तर सुजते, स्नायू आवळतात आणि दम्याची घरघर सुरू होते. बाळाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असल्याने थोडी सूजही त्याला भारी पडते.

प्रथिन कोणत्या वाटेने आत येते, यावर बरेच अवलंबून असते. पोटातून आलेल्या अन्नाला यंत्रणा सहसा सामावून घेते. इसबाने भेगाळलेल्या त्वचेतून तेच आले, तर ती बिथरते. तान्हेपणी शेंगदाणा तेलयुक्त मलमे लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अधिक आढळल्याचे लंडनचे डॉ. गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये दाखवले. २००६मध्ये त्वचेचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा इसबाशी थेट संबंध सिद्ध झाला.

हे कळण्याआधी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०००मध्ये जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा वर्ज्य सांगितला होता. पुराव्याअभावी हा सल्ला २००८मध्ये मागे पडला. त्याच वर्षी लॅक यांच्या गटाला ब्रिटनमधील ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी इस्रायली मुलांच्या सुमारे दहापट आढळली. इस्रायली बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खातात. मग हेच तपासणाऱ्या ‘लीप’ चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळे ४ ते ११ महिन्यांच्या वयात घेतली गेली. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत शेंगदाण्याला प्रतिक्रिया न दिलेल्यांपैकी, शेंगदाणा टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी होती. नियमित खाणाऱ्यांत केवळ १.९ टक्के. हे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले.

दम्याबाबत परिसरही बोलतो. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज वंशाने जवळचे. आमिशांची मुले घराशेजारच्या गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती यांत्रिक, वस्तीपासून दूर. २०१६च्या अभ्यासानुसार दम्याचे प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत २१ टक्के होते. आमिश घरांतील धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त होते, आणि त्या धुळीने उंदरांमधील श्वासमार्गाचा दाह रोखला.

उष्टावणानंतर, साधारण सहाव्या महिन्यापासून, शेंगदाण्याचे बारीक कूट पातळ पेजेत कालवून देता येते. अख्खा दाणा मात्र घशात अडकू शकतो, म्हणून तो पाच वर्षांपर्यंत देऊ नये. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.