शार्कची भोजनवेळ

मत्स्यालय पाहावयास गेलेल्या मंडळींची सर्वांत दाट गर्दी होते ती शार्कच्या हौदापुढे, आणि तीही त्यास अन्न घालण्याच्या वेळी. कोकण-गोव्याच्या बाजारांत आपण ज्यांना मुशी किंवा मोरी म्हणतो, त्यांच्याच कुळातील हे मासे. काचेपलीकडे आता जबडे आदळतील, पाणी रक्ताने लाल होईल, अशा अपेक्षेने लहानथोर श्वास रोखून उभे असतात. प्रत्यक्षात जे घडते, ते शाळेतील हजेरीसारखे शिस्तीचे असते.

पुष्कळ मत्स्यालयांत शार्कला ठराविक आकाराची वा रंगाची पाटी ओळखावयास शिकवितात. पाटी पाण्यात उतरली की तो संथपणे तेथे येतो, लांब काठीच्या टोकाचा मासळीचा तुकडा घेतो आणि वळून जातो. कोणी किती खाल्ले याची टिपणे ठेवली जातात. एखाद्याने अन्नाकडे पाठ फिरविली, तर त्याच्या प्रकृतीविषयी शंका घेण्यास तेवढे कारण पुरते. प्रेक्षकांस जो खेळ वाटतो, ती रक्षकाच्या लेखी रोगपरीक्षाच होय.

हा शिधाही विचारपूर्वक ठरविलेला असतो. बहुतेक शार्क शीत रक्ताचे असल्याने त्यांना अन्न बेताचेच लागते. गोठविलेल्या मासळीतील ब-१ जीवनसत्त्व घटते, म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या तुकड्यांत दडवून देतात. आयोडीन कमी पडल्यास बंदिस्त शार्कला माणसासारखाच गलगंड होतो.

जपानच्या ओकिनावा बेटावर २००२ साली उघडलेल्या चुराउमी मत्स्यालयाचे उदाहरण घ्या. तेथील मोठा हौद ७,५०० घनमीटर पाण्याचा आणि १० मीटर खोल आहे. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. पण त्याचे अन्न कोळंबीसारखे बारीक जीव. भोजनसमयी तो देवळापुढील दीपमाळेसारखा पाण्यात उभा राहतो आणि तोंड पृष्ठभागाशी आणून पाण्यासह अन्न ओढून घेतो. हौद उथळ असता, तर त्याला असे उभे राहता आलेच नसते.

तथापि भरल्या पोटाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. अमेरिकेतील मॉन्टेरे बे मत्स्यालयाने २००४ साली पांढऱ्या शार्कची एक अल्पवयीन मादी ठेवली. ती उत्तम खात असे. तिचे वजन ६२ पौंडांवरून १६२ पौंडांपर्यंत गेले. परंतु तिच्या चाव्यांनी हौदातील दुसरे दोन शार्क दगावले, आणि १९८ दिवसांनंतर, मार्च २००५ मध्ये, तिला समुद्रात सोडण्यात आले. अन्न देता येते, समुद्र देता येत नाही, हेच खरे.

मग हे दृश्य पाहावे की नाही? अवश्य पाहावे, मात्र आपण तेथून काय घेऊन परततो, यावर त्याचे मोल ठरते. १९७० पासूनच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क व पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ च्या एका अभ्यासात आढळले. याचे मुख्य कारण अतिरिक्त मासेमारी. भीतीचा रोमांच घेऊन परतणारा प्रेक्षक या प्राण्याच्या काय कामाचा?

याउलट सौराष्ट्राचा किनारा पाहा. तेथे तेल व मांस यांसाठी व्हेल शार्कची शिकार होत असे. २००१ मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, आणि २००४ मध्ये मोरारीबापूंनी त्याची तुलना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीशी केली. त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव लाभले. पुढे जाळ्यात सापडलेल्या व्हालीला सोडविण्यासाठी कोळ्यांनी आपली किमती जाळी स्वहस्ते कापली. कायद्याने जे सांगितले, ते आपुलकीने पटविले.

म्हणून मत्स्यालयात शुल्क घेऊन कोणी आपल्या हाती घास दिला, तर एक प्रश्न जरूर विचारावा: हा घास प्राण्याच्या नेमल्या शिध्यातील आहे, की माझ्या हौसेखातर वाढविलेला? पहिले उत्तर मिळाले तर आनंदाने हात पुढे करावा. दुसरे मिळाले तर तो मागे घ्यावा; शार्कवर तेवढे उपकार पुरेसे आहेत.