नुसती धूळ

हावड्याच्या बेलिलियस रोडवरच्या त्या कारखान्यात शिरलो, तर लेथची मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचं कार्ड आधीच उपसून मालकाच्या टेबलावर ठेवलेलं. "कार्ड गेछे, दादा!" इथं लेथ बिघडलं की कार्डच गेलेलं असतं. मोटरवर कुणी संशय घेत नाही.

माझे वडील विट्याहून कोलकात्याला सोनं गाळायला आले, बडाबाजारात. मी भट्टी सोडून मोटरी धरल्या.

लेथ तीसेक वर्षांचं, स्पिंडलला डीसी मोटर. वेग मधूनच चढायचा, मधूनच पडायचा आणि शाफ्टवर पट्टे उमटायचे. डीसी मोटरचा वेग आर्मेचरला किती व्होल्टेज मिळतं यावर असतो. कोलकात्याची ट्राम 1902 मध्ये विजेवर धावू लागली, तीही अशाच मोटरींवर. जुन्या ट्रामीत चालक हँडल फिरवून एकेक रेझिस्टन्स वाटेतून काढायचा आणि तोवर बरीच वीज नुसती तापण्यात जायची. ड्राइव्हमध्ये ते काम थायरिस्टर करतात. एसीच्या प्रत्येक लाटेतला हवा तेवढाच तुकडा ते मोटरकडे सोडतात. तुकडा केवढा, हे कार्ड ठरवतं. पण कार्डाला मोटर दिसत नाही. मोटरच्या शेपटाला टॅको असतो, म्हणजे चिमुकला जनरेटर. वेग जितका, तितकं व्होल्टेज तो कार्डाकडे पाठवतो. त्याची तार तुटली की कार्डाला वाटतं मोटर थांबली, आणि ते आणखी जोर लावतं. अशी उधळलेली मोटर मी एकदा पाहिलीय. तेव्हापासून चाचणीच्या वेळी चकसमोर उभा राहत नाही.

मेन बंद केला, कपॅसिटर उतरू दिले. थायरिस्टर मीटरवर पाहिले, एकही शॉर्ट नव्हता. फ्यूज शाबूत, फील्डचा पुरवठा ठीक. कार्ड परत बसवलं, तेव्हा मालकाचं तोंड उतरलं. या ड्राइव्हला टॅकोऐवजी आर्मेचरच्या व्होल्टेजवरून वेग ओळखायची सोय होती. जंपर तिकडे फिरवला आणि मोटर सुतासारखी सरळ चालली.

म्हणजे खोट टॅकोत. कोलकात्याच्या चांदनी चौकातून घेतलेला जुना सुईचा मीटर मी याचसाठी बाळगतो. डिजिटल मीटरवर आकडे नुसते नाचतात, सुई मात्र खोड दाखवते. टॅकोच्या पट्टीवर लिहिलं होतं 1000 फेऱ्यांना 60 व्होल्ट. मोटर तेवढ्याच वेगावर ठेवली; सुई साठावर थरथरायची आणि मध्येच पन्नासपर्यंत गळायची.

टॅको उघडला. कार्बन ब्रश झिजून होल्डरमध्ये अडकलेला, कम्युटेटरच्या फटींत काळी पूड. पावसाळी दमट हवा, वर कारखान्यातल्या तेलाची वाफ, पूड चिखलासारखी घट्ट बसलेली. फटी साफ केल्या, नवे कार्बन घातले, जंपर पूर्ववत केला. सुई साठावर खिळली.

कागदावर झटकलेली पूड पाहून मालक म्हणाला, "शुधु धुलो?" नुसती धूळ? मजुरीचा आकडा त्याला एकदम जास्त वाटू लागला. माझ्या वडिलांनी सोनारांच्या दुकानांतली झाडलेली धूळ विकत घेऊन, जाळून, गाळून घर चालवलं. ते त्याला सांगत बसलो नाही. शाफ्ट लावायला सांगितला आणि चहा मागवला.