भिंतीचे दरपत्रक वाचताना



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घराकडची अडून राहिलेली कामे एकदम डोळ्यांपुढे उभी राहतात. परसबागेची भिंत हे त्यांतलेच एक काम. काटेरी कुंपण दर दोन वर्षांनी कुजते, शेळ्या आत शिरतात, लावलेली भाजी आणि केळी जाते. मग गवंड्याला बोलावणे होते. तो जागा पावलांनी मोजतो, वहीचे पान फाडून त्यावर चार ओळी लिहितो आणि खाली एक आकडा टाकतो. हेच दरपत्रक.

ऊस विकास विभागाचा आणि गवंडीकामाचा संबंध काय, असे कोणी विचारील. गटात फिरताना लागणीची नोंद झाली, खोडवे पाहून झाले, की चहा पिता पिता सभासद असा कागद आमच्यापुढे धरतात आणि "साहेब, हा आकडा बरोबर आहे का?" असे विचारतात. काट्यावरची पावती भरलेले वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन असे तिन्ही आकडे पाहून घेणारा आमचा सभासद गवंड्याच्या कागदाचा मात्र फक्त शेवटचा आकडा बघतो. हा कागदही पावतीसारखाच वाचता येतो. तो कसा, ते या लेखात मांडतो. दर गावोगाव आणि महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून दर देत नाही. मापे मात्र सगळीकडे सारखीच असतात.

आधी बोली कोणती ते पाहा

कागदावर पहिल्यांदा बघायचे ते हे की काम कोणत्या बोलीवर आहे. बोली तीन प्रकारची असते. पहिली मालासह उक्ते काम. यात विटा, सिमेंट, वाळू आणि मजुरी सगळे त्याचे, आणि ठरलेला आकडा कायम. दुसरी फक्त मजुरीची. यात माल आपण आणून द्यायचा. तिसरी रोजंदारी. गवंडी आणि बिगारी यांचा दिवसाचा पगार आपण द्यायचा आणि काम लांबले तर भुर्दंडही आपलाच.

एकाने मालासह आणि दुसऱ्याने नुसत्या मजुरीचा दर दिला असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना होत नाही. तसेच कागदावर 'अंदाजे' हा शब्द असेल तर आकडा पुढे वाढू शकतो. किती वाढला तर आधी विचारायचे, ते तिथेच लिहून घ्यावे.

ब्रास म्हणजे नक्की काय?

सगळ्यांत जास्त घोटाळा या शब्दाने होतो. वाळू, खडी, डबर, खोदाई आणि बांधकाम मोजताना एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा मोजताना मात्र एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, पण मापे दोन.

उदाहरण घेऊ. भिंत ६० फूट लांब, ४ फूट उंच आणि ९ इंच, म्हणजे पाऊण फूट जाड आहे. ६० गुणिले ४ गुणिले पाऊण बरोबर १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास विटकाम. हीच भिंत कोणी चौरस फुटांनी मोजली तर ६० गुणिले ४ बरोबर २४० चौरस फूट, म्हणजे २.४ ब्रास. दर घनफुटाच्या ब्रासचा ठरला आणि बिलात माप चौरस फुटाचे पडले, तर बिल तिसऱ्या हिश्शाने फुगते. यात गवंड्याची लबाडी असेलच असे नाही. पुष्कळदा दोघांच्या मनात दोन वेगळी मापे असतात आणि भांडण शेवटच्या दिवशी निघते. म्हणून दरापुढे 'घनफूट' की 'चौरस फूट' हे लिहून घ्यावे. फाटकाची जागा मापातून वजा होणार का, तेही लिहावे. रिकाम्या गाडीचे वजन आपण वजा करतोच ना!

स्वस्त कागदात पाया नसतो

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदांनी एकाच भिंतीचे तीन कागद आम्हांस दाखवले. एक आकडा बाकी दोघांपेक्षा बराच कमी होता आणि घरात सगळ्यांचा कल तिकडेच होता. बारकाईने पाहिले तर त्या कागदात 'पाया १ फूट' एवढेच शब्द होते. बाकी दोघांनी अडीच फूट धरला होता. फरक तेवढ्याचाच होता.

आपली जमीन काळी आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. भिंतीच्या एका अंगाला उसाचे पाट असतील तर तिकडची माती वर्षभर ओली आणि दुसरीकडची कोरडी राहते. एक बाजू वर उचलते, दुसरी खाली बसते. मग एक फुटाच्या पायावरची भिंत कलते. तिच्या सावलीत लेकरे खेळतात, शेरडे बसतात. दुरुस्तीचा खर्च पुढची गोष्ट, पण अशी भिंत अंगावर आली तर काय, याचा विचार आधी करावा.

म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. अडीच फुटांवर मुरूम लागला असे धरले तर हिशेब असा होतो:

१) खोदाई : ६० × २ × २.५ = ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास.
२) तळाला सहा इंच काँक्रीट (१:४:८) : ६० × २ × ०.५ = ६० घनफूट.
३) त्यावर दीड फूट रुंद डबरकाम, जमिनीपर्यंत : ६० × १.५ × २ = १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास.
४) वर ९ इंची विटकाम : १.८ ब्रास.
५) गिलावा, दोन्ही अंगे, माथा आणि टोके धरून : सुमारे ५३० चौरस फूट, म्हणजे ५.३ ब्रास.

डबराच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या फटीत काळी माती परत न ढकलता मुरूम ठोकून भरावा. उरलेली माती कोण उचलणार तेही विचारावे, कारण खोदलेली माती फुगते आणि ढीग आपल्याच दारात राहतो. अडीच फुटांवर मुरूम लागला नाही तर जादा खोलीचा दर काय, हे आधीच ठरवावे. खड्डा उघडा पडल्यावर घासाघीस करायला आपल्या हाती काही उरत नाही.

मालाची पडताळणी

९ × ४.५ × ३ इंची वीट धरली तर एक ब्रास विटकामाला साधारण १३५० विटा लागतात. आपल्या १.८ ब्रासला २४३० झाल्या. फुटतूट धरून २५५० पुरतात. वीट लहान असेल तर संख्या वाढते, म्हणून कागदावर विटेचे माप असावे.

विटकाम आणि डबरकाम १:६ मालात व गिलावा १:४ मालात धरला तर सिमेंट असे लागते : काँक्रीटला ६ पोती, डबरकामाला ९, विटकामाला ८ आणि गिलाव्याला ७. एकूण ३० पोत्यांच्या आसपास. चार-दोन पोती इकडेतिकडे होतील. पण कागदावर ४५ पोती दिसली तर कारण विचारावे. १८ दिसली तरी विचारावे, कारण तेवढ्यात भिंत उभी राहील पण माल रोडका होईल.

वाळू घेतानाही डोळा ठेवावा. थोडी ओलसर वाळू कोरड्यापेक्षा पाव हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त फुगलेली असते. गाडी भरलेली दिसते, पण आत वाळू कमी असते. ओली मोळी वजनाला भारी भरते, ओलसर वाळू मापाला भारी भरते, एवढे ध्यानात ठेवावे.

कागदावर नसलेल्या गोष्टी

पाणी कोण मारणार? नवे बांधकाम ७ ते १० दिवस ओले राहिले पाहिजे. ते गवंड्याच्या बोलीत नसेल तर घरच्यांनी सकाळ-संध्याकाळ मारावे. पावसाचे पाणी बाहेर पडायला जमिनीलगत भोके ठेवणार का? भिंतीला टेकून एका बाजूला भराव असेल तर ती भोके हवीतच. शिवाय भराव पेलणारी भिंत जास्त जाड लागते, तिला वरचा हिशेब लावू नये. साडेचार इंची भिंत घ्यायची तर मध्ये मध्ये खांब किती आणि त्यांचे पैसे दरात धरले आहेत का, हेही पाहावे.

कराचे म्हणाल तर, जीएसटीची नोंदणी नसलेल्या गवंड्याला बिलात कर लावता येत नाही. नोंदणी असलेल्या ठेकेदाराने लावला तर त्याचा नोंदणी क्रमांक बिलावर असला पाहिजे. 'कर वेगळा' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल तर तो मिळवूनच तुलना करावी. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीचा जुना कागद हाती असेल तर सिमेंटचा दर पुन्हा विचारून घ्यावा.

भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला लागून असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. गावठाणात ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. बांधलेली भिंत हातभर मागे घेता येत नाही, आणि शेजारही पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

पैसे कसे द्यावेत

सगळी रक्कम आगाऊ देऊ नये, आणि गवंड्याला उपाशीही ठेवू नये. कामापुरती थोडी उचल द्यावी. पाया भरून जमिनीला आला की एक हप्ता, विटकाम पुरे झाले की दुसरा, गिलावा झाला की तिसरा. दहावा हिस्सा मागे ठेवून एक पावसाळा गेल्यावर द्यावा. हे बोलणे सुरुवातीलाच झाले तर चांगला कारागीर नाराज होत नाही. प्रत्येक हप्त्याला वहीत दोघांची सही घ्यावी.

शेवटी एक विनंती. स्वस्त कागद टाकून द्या किंवा महाग तोच चांगला, असे आमचे म्हणणे नाही. तिन्ही गवंड्यांना लांबी, उंची, जाडी, पायाची खोली आणि मालाचे प्रमाण एकच सांगा व त्यावर दर मागा. मग जो आकडा कमी येईल तो खरोखरच कमी असेल. काम पावसाळ्याच्या तोंडावर न काढता मृगाआधी पुरते वाळेल अशा बेताने काढावे. हिशेब अडला तर आपल्या गट कार्यालयात कागद घेऊन या. टेप आणि पेन्सिल आमच्याकडे आहे.