मुक्कामाचं नाटक

मे महिना जवळ आला की वर्तमानपत्रांतून शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणं, हस्ताक्षर, अबॅकस आणि नाटक. यातली बरीचशी नाट्यशिबिरं सकाळच्या दोन-तीन तासांची असतात. आज मी बोलणार आहे ते निवासी शिबिराबद्दल, आठवी ते दहावीच्या मुलांना आठ-पंधरा दिवस घराबाहेर ठेवणाऱ्या.

पालक विचारतात, नाटक शिकायला मुक्काम कशाला?

या वयाचं मूल स्वतःकडे सतत बाहेरून बघत असतं. आवाज फुटलेला, हातपाय अचानक लांब झालेले, कुणी हसेल ही धास्ती. दोन तासांच्या वर्गात ती धास्ती सुटत नाही तोवर रिक्षा दारात येते. मुक्कामी असलं की ताटं घासताना, सतरंज्या झटकताना, रात्रीच्या कुजबुजीत ती कधीतरी गळून पडते. साधारण चौथ्या दिवशी. पहिल्या रात्री मात्र उशा ओल्या होतात, हेही सांगून ठेवतो.

शिबिरात पहिल्याच दिवशी संहिता हातात देत नाहीत. आधी खेळ. दोघं समोरासमोर उभे राहतात, एक हलतो, दुसरा त्याचा आरसा होतो. मग अदलाबदल. शेवटी कोण कुणाचा आरसा, ते दोघांनाही कळेनासं होतं. दुसरा खेळ अगम्य भाषेचा. अर्थ नसलेले आवाज काढत भाजी विकायची, भांडायचं, समजूत घालायची.

हे खेळ रचून त्यांचं शास्त्र बनवलं अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन यांनी. 1920 च्या दशकात शिकागोच्या हल हाउसमध्ये नेव्हा बॉइड यांच्याकडे त्या शिकल्या. ही संस्था स्थलांतरितांच्या वस्तीतली, मुलं देशोदेशींची, घरची बोली प्रत्येकाची निराळी. पुढे तिथल्याच एका सरकारी योजनेत काम करताना त्यांनी आपली पद्धत घडवली. त्यांचं पुस्तक 1963 साली आलं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? कुणाच्या घरी अहिराणी, कुणाकडे कोकणी, कुणाकडे पावरी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘उच्चार शुद्ध नाहीत’ म्हणून ज्याला झाड करून उभं केलेलं असतं, तो मुलगा अगम्य भाषेत एकदम मोकळा सुटतो, कारण तिथे त्याची चूक काढणार कोण? मग मार्गदर्शक म्हणतात, आता हाच प्रसंग घरच्या बोलीत कर. माझ्या घरी दखनी होती आणि ‘ळ’ माझ्या जिभेवर उशिरा आला, त्यामुळे या खेळाकडे मी जरा पक्षपातानंच बघतो.

मराठीत मुलांच्या नाटकाला मोठी परंपरा आहे. 1959 मध्ये सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’नं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी जर्मनीतली ग्रिप्स चळवळ पुण्यात रुजवली. मुक्कामाची सवय मात्र राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी आणि कलापथकानं लावली, असं मला वाटतं.

शिबिराचा शत्रू म्हणजे समारोपाचा प्रयोग. पालक येणार म्हटलं की मार्गदर्शक घाबरतात, धिटुकल्या चौघांना मोठ्या भूमिका देतात आणि बाकीचे पुन्हा झाडं होतात. प्रयोग अर्ध्या तासाचाच असावा, दिवे-पडदे मुलांनीच सांभाळावेत.

आणि मुली? नावनोंदणीत त्या निम्म्या असतात, निघायच्या दिवशी कमी होतात. अडतं ते रात्रीवर. घरच्यांना हसून चालणार नाही, त्यांची काळजी खरी आहे. एका शिबिरात संयोजकांनी अशाच एका मुलीच्या नानीलाच मुक्कामाला बोलावलं. दोन दिवस ती दारात बसून पाहत होती. तिसऱ्या दिवशी सुईदोरा मागून घेतला आणि राजाच्या अंगरख्याला टाके घालू लागली.

प्रत्येक शिबिराला नानी मिळणार नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विचारावं: रात्री मुलींच्या खोलीशेजारी कोणत्या बाई झोपणार? न्हाणीघराला आतून कडी आहे का? घरी फोन कधी करता येईल? मधल्या दिवशी भेटायला येऊ द्याल का? मुलानं तक्रार केली तर ती कुणाकडे जाईल? बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा 2012 साली झाला, तो संयोजकांना माहीत आहे का, हेही खुशाल विचारा. चांगले संयोजक या प्रश्नांनी रागावत नाहीत.